धूर, अनुदान आणि मेढ्याचा पाऊस

जावळीतल्या मेढ्यात भातगिरणी म्हटली की जुनं डिझेल इंजिन आलंच. दम्याच्या म्हाताऱ्यासारखं खोकतं. तांदळापेक्षा धूर जास्त पाडतं. आता सरकार म्हणतं, बदला. 2020 मध्ये केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आली: खर्चाच्या 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख. किमान 10 टक्के आपले, उरलेलं कर्ज.

ऐकायला झकास. पण अनुदान हातात पडत नाही, ते बँकेतच वेगळ्या खात्यात तीन वर्षं पाहुण्यासारखं बसतं. गिरणी चालू आणि हप्ते वेळेवर असतील, तरच कर्जात वळतं होतं. लग्न आज, आहेर बारशाला!

एका गिरणीवाल्यानं विजेवरचं यंत्र घेतलं. प्रकल्प अहवालात धूर शून्य. (अहवालात पाऊस पडत नाही.) मग जावळीचा आषाढ आला आणि वीज गेली. भात भरडायला आलेल्या मावशी पोत्यावर बसून म्हणाल्या, "बाबा, ते जुनं इंजिन विकलं न्हाईस ना?"

विकलं नव्हतं. ताडपत्रीखाली होतं. हँडल मारताच खोकलं.