चेअरमनकाका, सत्कार तुमचाच व्हायला हवा

माननीय चेअरमनकाका,


गुणगौरव सोहळ्याचा फ्लेक्स गेटवर झळकला. नव्वद टक्क्यांच्या वरची मुलं नखाएवढी आणि ‘प्रमुख मार्गदर्शक’ म्हणून तुम्ही दरवाजाएवढे, हे प्रमाण अगदी रास्त आहे. मुलं दर वर्षी बदलतात. मार्गदर्शन मात्र चारकोपच्या या सेक्टरमध्ये कित्येक वर्षं एकच आहे : “सायन्स घे, पुढचं पुढे बघू.”

माझी सूचना एवढीच, की यंदा शाल-श्रीफळ तुम्हाला मिळावं. आपल्या सोसायटीतून एकही फिटर, वायरमन किंवा वेल्डर बाहेर पडू नये यासाठी तुम्ही जे कष्ट उपसलेत, त्याला तोड नाही. पासष्ट टक्के मिळवलेला मुलगा घरी ‘आयटीआय’ म्हणाला, की त्याची आई घाबरून त्याला तुमच्याकडे आणते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता, मार्कलिस्ट वर-खाली बघता आणि म्हणता, “अहो, एवढे काही वाईट मार्क नाहीत!” झालं. आयटीआय ही शिक्षा असते आणि आपल्या पोराच्या हातून तेवढा मोठा गुन्हा घडलेला नाही, हे त्या माउलीला समजतं. पोरगा अकरावी सायन्सला जातो, क्लासवाल्याला फीचे हप्ते जातात, बारावीला फिजिक्स राहतं. मग ‘ग्रॅज्युएट तर हो’ म्हणून पाठवणीही तुम्हीच करता. मुलगी असेल तर तुमचा चष्मासुद्धा हलत नाही. “पोरीच्या जातीला स्क्रू-ड्रायव्हर?” एवढ्यात निकाल.

२०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. एवढी मुलं पास झाल्यावर पासष्टवाल्याने करायचं काय, याला तुमच्या फ्लेक्सवर जागा नाही. साहजिकच आहे, तुमचा फोटो मोठा आहे.

तुम्हाला आठवण करून देणं बरं दिसत नाही, पण हे चारकोप कसं वसलं? १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने इथे प्लॉट पाडले, रस्ते आणि पाणी-संडासाची सोय दिली, आणि सांगितलं, घर तुमचं तुम्ही बांधा. ऐपत येईल तशी माणसं बांधत गेली. आधी खोली, मग पोटमाळा, मग वरचा मजला आणि बाहेरून लोखंडी जिना. पैसे बँकेचे असतील, पण स्लॅब टाकायला वॉशिंग्टनहून कोणी साहेब आले नव्हते. तुमच्या घराचं ग्रिलसुद्धा कुणा वेल्डरने डोळ्यांची आग सोसून जोडलं आहे. त्याच ग्रिलमागे खुर्ची टाकून तुम्ही पोरांना सांगता, की हाताने काम करणाऱ्याला इज्जत नसते.

कांदिवली स्टेशनच्या पूर्वेला, आकुर्ली रोडला, सरकारी आयटीआय आहे. इथून शेअर रिक्षाने स्टेशन, पूल ओलांडला की पुन्हा रिक्षा. तुमच्या नकाशात मात्र राजस्थानातलं कोटा जवळ आहे आणि कांदिवली पूर्व परमुलखात. हिंदुस्थान नाक्याजवळची इंडस्ट्रियल इस्टेट तर तुम्ही बहुधा फक्त ट्रॅफिकला शिव्या देण्यापुरती पाहिली असेल. आणि मेट्रो? २ए आणि ७ या दोन्ही लाइनींच्या गाड्यांची देखभाल होते ते कारशेड आपल्याच चारकोपच्या नावाचं. मेट्रो सुरू झाली तेव्हा तुम्ही पहिल्या डब्यात सेल्फी काढला होता. त्या गाड्यांची तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञांच्या भरतीत आयटीआयचं सर्टिफिकेट मागतात, हे त्या सेल्फीत आलं नाही.

‘आयटीआय म्हणजे बंद गल्ली’ हे तुमचं आवडतं वाक्य. दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. गल्ली बंद नाही काका, तोंडाशी तुम्ही खुर्ची टाकून बसला आहात.

तुमच्या कार्याचा व्याप फक्त सेक्टरपुरता समजू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा हवाला देऊन आकडे दिले आहेत. रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांचं प्रमाण १९ ते २४ वयोगटात आपल्याकडे ५ टक्क्यांहूनही कमी. जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. गल्लोगल्ली एक मार्गदर्शक असल्याशिवाय एवढी कमाई होत नाही. २०१९ च्या सुरुवातीला मंत्रालयाच्या कँटीनमधली वेटरभरती गाजली, ती आठवते? जागा १३, पात्रता चौथी पास, अर्ज ७,००० च्या आसपास, आणि निवड झालेले बहुतेक पदवीधर. ‘ग्रॅज्युएट तर हो’ ऐकणारी पोरं अशी मंत्रालयापर्यंत पोचली.

आता तुमच्या बाजूनेही थोडं बोलतो. आयटीआयहून आलेल्या पोराला सुरुवातीला पैसे कमी मिळतात, हे तुम्ही सांगता ते खोटं नाही. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या अॅप्रेंटिसला महिना किमान ७,००० रुपये ठरवले. तेवढ्यात मुंबईत खोली सोडा, खोलीचा दरवाजा भाड्याने मिळणार नाही. वर्ष संपलं की कंपनी नवा अॅप्रेंटिस घेते. जुना मग कंत्राटदाराच्या रजिस्टरात. हे बघूनच आई-बाप बिचकतात आणि त्यांचं बिचकणं वेडेपणाचं नाही. सरकारने वर्कशॉपमधली यंत्रं बदलावीत, कारखान्यांनी शिकाऊ पोरांना फुकटचे मजूर समजू नये, हे मी त्यांनाही लिहीन. पण बिचकणाऱ्या आई-बापांत आणि तुमच्यात एक फरक आहे. तुम्ही एका तोंडाने सांगता, या कामात पैसा नाही, आणि दुसऱ्या तोंडाने प्लंबरला म्हणता, “नळ तर बदलायचाय, त्याचे पाचशे?” डॉक्टरची फी तुम्ही कधी घासाघीस करून दिली नाही. पैसा नाही म्हणता काका, तो नेमका कुणाच्या खिशातून यायचा राहिला?

एक धोक्याची सूचना. राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आहे. उद्या आपल्या सोसायटीतला एखादा पोरगा चुकून प्लंबिंग शिकला आणि श्टुटगार्टला पोचला, तर तुमची पंचाईत होईल. फ्लेक्सवर ‘प्लंबर’ तर छापवणार नाही. ‘जलव्यवस्थापन क्षेत्रात, परदेशी’ असा मजकूर मी तयार ठेवला आहे. मार्गदर्शक म्हणून फोटो तुमचाच राहील.

कळावे, लोभ आहेच.
आपला,
बी विंगमधला एक सभासद

ता. क. : मीटर रूमच्या नव्या वायरिंगच्या बिलावर तुम्ही ‘जास्त वाटते, बोलून कमी करून घ्यावे’ असा शेरा मारला आहे. त्या मुलाशी मी बोललो. कमी करणार नाही म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो मीरा रोडचं मोठं काम धरतोय, त्यामुळे आपलं उरलेलं काम दिवाळीनंतर बघतो म्हणतोय. तोवर पंप हाताने चालू-बंद करावा लागेल. चावी तुमच्याकडेच आहे.