उन्हाळी सॉक्रेटिस

बर्कलेच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडायचं तर सर्किटं आणि कोडिंग पुरत नाही. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे सहा कोर्सही पदरी असावे लागतात. कोलंबिया विद्यापीठाने 1919 मध्ये, पहिलं महायुद्ध संपतं न संपतं तोच, पहिल्या वर्षाच्या मुलांना समकालीन संस्कृतीचा सक्तीचा कोर्स लावला. 1945 मध्ये हार्वर्डने ‘जनरल एज्युकेशन’वर लाल पुठ्ठ्याचा अहवाल काढला. शिकलेला माणूस विचारी नागरिकही व्हावा, ही त्यामागची तळमळ. त्या तळमळीला जून महिन्यात आलेलं फळ म्हणजे उन्हाळी सॉक्रेटिस.

हा सनीव्हेलच्या मराठी घरात वाढलेला असतो. ‘जनरल एज्युकेशन उरकून टाकतो,’ एवढंच तो आईबाबांना सांगतो. पण उरकण्याची तयारी मार्चपासून चालू असते. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स आपल्या विद्यापीठात चालतो, हे ‘असिस्ट’ या साइटवर त्याने कोळून प्यायलेलं असतं. मग ‘रेट माय प्रोफेसर्स’. ‘पुस्तक उघडावं लागत नाही’ हा शेरा दिसला की त्याच्या लेखी त्या प्राध्यापकांची विद्वत्ता सिद्ध झाली. कॅलिफोर्नियातल्या रहिवाशाला तिथे युनिटला 46 डॉलर, म्हणजे तीन युनिटांचे 138. आकडा ऐकून बाबांनाही मानव्यविद्येची गोडी लागते.

कोर्समध्ये तो एकच गोष्ट मन लावून वाचतो, ती म्हणजे सिलॅबस. वकिलाने खरेदीखत वाचावं तसा. ‘सर्वांत कमी गुणांची एक क्विझ धरली जाणार नाही’ हे वाक्य तो पिवळं करून ठेवतो. तीन युनिटांना किमान 144 तासांचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे सहा आठवड्यांच्या समरमध्ये आठवड्याला 24 तास. ती ओळ मात्र पिवळी होत नाही.

यंदा तो पुण्याला आलाय, आजीकडे. कोर्स ऑनलाइन, पण डिस्कशन बोर्डवरची पोस्ट गुरुवारी रात्री 11:59 पर्यंत टाकायची असते. कॅलिफोर्नियातली ही वेळ म्हणजे कोथरूडमध्ये शुक्रवारी दुपारचे 12:29. कुकरची शिट्टी आणि ग्रीक नाटककार सॉफोक्लिस एकदमच येतात.

‘‘अरे, पानं घेतलीत.’’

‘‘आजी, दहा मिनिटं. अँटिगनी चुकली की बरोबर, ते लिहायचंय.’’

‘‘कोण ही?’’

तो दोन वाक्यांत सांगतो. भाऊ लढाईत मेला, त्याला कुणी पुरायचं नाही असा राजाचा हुकूम, हिने तरी माती दिली. आजी वरणाचं पातेलं हातात घेऊन उभी राहते. ‘‘आणि हा राजा तिचा कोण?’’

‘‘मामा.’’

‘‘मामा! आणि घरात कोणी चार शब्द सुनावले नाहीत त्याला?’’ पुढची पाच मिनिटं आजी राज्यकारभार, सुतक आणि मामाचं कर्तव्य यांवर बोलते. तो जमेल तेवढं इंग्रजीत उतरवतो आणि 12:26 ला पोस्ट टाकून पानावर बसतो.

दोन वर्गमित्रांना उत्तरं देणं बाकी असतं. ऑनलाइन कोर्समध्ये मुलांचा प्राध्यापकांशी आणि एकमेकांशी संवाद व्हावा, असा कॅलिफोर्नियात नियमच आहे. त्यामुळे ‘तुझा मुद्दा मला फार आवडला’ हे वाक्य दर आठवड्याला वर्गभर फिरत असतं. हाही ते दोनदा लिहितो, दुसऱ्यांदा ‘फार’ऐवजी ‘खूप’ घालून.

सोमवारी प्राध्यापकांचा अभिप्राय येतो: कौटुंबिक कर्तव्याची बाजू अतिशय ताकदीने मांडली आहे, पण नाटकातल्या ओळींचा आधार कुठे आहे? दहापैकी साडेआठ. आजीला दीड गुण गेल्याचं वाईट वाटतं. ते नाटक मराठीत मिळेल का, म्हणून ती शेजारच्या लायब्ररीत चौकशीही करून येते.

कोर्सअखेर त्याला ‘ए’ मिळतो. घरच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. तो मात्र उदास. बाहेरच्या कॉलेजातली युनिटं तेवढी बर्कलेत जमा होतात. ग्रेड तिथल्या जीपीएत धरतच नाहीत. ‘सी’ आला असता तरी भागलं असतं. एवढी मेहनत कुठे वाया गेली, हे शोधायला तो पुन्हा सिलॅबस उघडतो.