एका रात्रीच्या कंत्राटदारांस

तीर्थस्वरूप धर्मराज, भीमसेन, अर्जुन, नकुल आणि सहदेव यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या श्रावणी सोमवारी आपण जोगेश्वरीची गुंफा पुन्हा एकदा एका रात्रीत खोदलीत. मी तिथेच होतो. आपण दर वेळी कोंबडं आरवायच्या आत काम उरकून निघून जाता, त्यामुळे प्रत्यक्ष भेट होत नाही, तेव्हा पत्र.

त्या दिवशी आपल्या वतीने एक तरुण आला होता. कॉलरला माइक, मागे टोप्या घातलेली मंडळी, प्रत्येकाकडून ‘हेरिटेज वॉक’चे पैसे यूपीआयने आधीच घेतलेले. खांबाला टेकून, मोबाइलकडे बघत त्याने जाहीर केलं, “फ्रेंड्स, ही केव्ह पांडवांनी वनवासात असताना फक्त एका रात्रीत बनवली. वन नाइट!” मंडळींनी माना वर करून छताला ‘वॉव’ म्हटलं. छताने एका बाईंच्या कपाळावर टप्पकन थेंब सोडून पोच दिली. घोळक्यात तिसरी-चौथीतली एक मुलगी होती. तिने विचारलं, “मग एवढा सगळा दगड टाकला कुठे?”

धर्मराज, त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं मला. दोनशे फुटांहून लांब गुंफा. पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात शिरायचं, एक दालन, मग उघडं अंगण, मग वीस खांबांचा चौरस मंडप आणि त्याच्या मधोमध चारी बाजूंनी दारं असलेला गाभारा. इथे भिंत बांधलेली नाही, खांब उभा केलेला नाही. जे नको होतं ते काढून टाकलेलं आहे. म्हणजे आज आपण ज्या पोकळीत उभे राहतो, तेवढा दगड कोणीतरी फोडून, पाटीत भरून, डोक्यावरून वर नेऊन टाकला. कुठे टाकला? आपला प्रतिनिधी गोड हसला. “बाळा, त्या काळी शक्ती होती ना!” टाळ्या. मी घसा खाकरून “अहो, ही सहाव्या शतकातली...” एवढंच म्हणालो, तर उत्तर आलं, “काका, प्लीज, रेकॉर्डिंग चालू आहे.”

इथल्या एका दारावर लकुलीश कोरलेला आहे, पाशुपत पंथाचा आचार्य, भोवती चार शिष्य. या पंथाच्या साधूंचं एक व्रत होतं. चारचौघांत मुद्दाम वेड्यासारखं वागायचं, लोकांनी हिणवावं, आणि हिणवणाऱ्यांचं पुण्य आपल्या पदरी पाडून घ्यावं. त्या सोमवारी माझ्याही खात्यात बऱ्यापैकी पुण्य जमा झालं असणार.

महाराज, तुमच्याशी माझं वैर नाही. पण तुमचा व्याप आता फार वाढला आहे. नाशिकची लेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली; गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, नहपानाच्या जावयाचा, कोणी किती दान दिलं त्याचा हिशेब तिथे भिंतींवर कोरलेला आहे. नाव मात्र ‘पांडवलेणी’. पार महाबलीपुरमला पल्लवांनी घडवलेले रथही तुमच्याच नावावर. बोरिवलीच्या मंडपेश्वरलाही तुमचं नाव घेणारे भेटतात. तिथे पोर्तुगीजांनी चर्च केलं, कोरीव भिंतीवर क्रूस खोदला. अन्यायच तो, पण निदान तो त्यांनी स्वतःच्या नावावर तरी केला.

आता आपण तुमचाच पुरावा काढू. कंत्राटदाराचा पूर्वानुभव तपासायची पद्धत आहे.

वारणावतात तुम्हाला लाक्षागृहात ठेवलं, तेव्हा सुटकेसाठी एक भुयार हवं होतं. एक साधं भुयार. खांब नाहीत, नटराज नाही, चार दारांचा गाभारा नाही. ते तुम्ही खणलंत का? विदुराने एक खनक पाठवला. त्या बिचाऱ्याने पुरोचनाच्या नजरेआड, चोरून, हळूहळू ते खणलं आणि तुम्ही त्यातून बाहेर पडलात. इंद्रप्रस्थाची सभा बांधायची होती, तीही तुम्ही नाही बांधलीत. मयासुराने बांधली, आणि त्या असुराला, मायावी म्हणून ज्याची ख्याती, त्यालासुद्धा चौदा महिने लागले. अज्ञातवासात विराटाघरी तुम्ही काय काय झालात तेही आठवा. धर्मराज राजाचा द्यूतातला सोबती, भीम आचारी, अर्जुन नृत्य शिकवायला, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे. पाचांत एकही पाथरवट नाही. छिन्नी कोणत्या हातात धरायची हे तरी तुमच्यातल्या कोणाला ठाऊक होतं का? आमच्या मराठीत याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. खांडववन जाळणाऱ्यांना नागांबद्दल मी काय सांगावं!

आणि सगळ्यांत मोठा पुरावा भिंतीवरच आहे. जोगेश्वरीच्या मंडपात शिवपार्वतीच्या लग्नाचा पट आहे, आणि त्याच्या जोडीला दुसरा पट आहे, त्यात शंकर-पार्वती द्यूत खेळताहेत. चेहरे झिजलेत, दगड ठिसूळ आहे, पण समोरासमोर बसलेली ती दोघं अजून ओळखू येतात. धर्मराज, छातीवर हात ठेवून सांगा. राज्य घालवलंत, भावांना लावलंत, द्रौपदीला लावलंत, त्यापायी रानात आलात, आणि रानात मिळालेल्या एकुलत्या एका रात्री तुम्ही भिंतीवर फाशांचा डाव कोरून घेतलात? भीमाने कोरू दिला असता?

हे मला त्या तरुणाला सांगायचं होतं. तोवर त्याने “लाइक, शेअर” म्हणून टाकलं होतं.

आता खरं काय ते. वॉल्टर स्पिंक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने अजिंठ्यावर हयात घालवली. त्यांच्या मते जोगेश्वरी साधारण इ.स. ५२० ते ५५० मधली, म्हणजे घारापुरीच्याही आधीची, आणि हिंदू लेण्यांत देशातलं पहिलं भव्य काम. म्हणजे ज्या घारापुरीसाठी आपण पाहुण्यांना गेटवेवरून लाँचने घेऊन जातो, तिची थोरली बहीण पश्चिम द्रुतगती मार्गालगत घरांच्या गराड्यात बसली आहे. कोणी खोदवून घेतली? कलचुरींच्या काळातली असावी असं मानतात. आपल्या वा. वि. मिराशींनी त्या राजवंशाचे लेख शोधून, वाचून, संपादून ठेवले. घारापुरी बेटावर कलचुरी कृष्णराजाची तांब्याची छोटी नाणी सापडली; ती कारागिरांची मजुरी असावी असा तर्क आहे.

मजुरी! हा शब्द आपल्या एका रात्रीच्या गोष्टीत कुठेच बसत नाही, आणि माझं डोकं फिरतं ते इथेच.

मंडपाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मोबाइलचा उजेड भिंतीला अगदी आडवा धरून बघा. बोटभर अंतराने ओळीने तिरके घाव दिसतात. एका उंचीपर्यंत ते उजवीकडे कलतात, वर गेलं की दिशा बदलते. माणूस उभा राहून हात पोहोचेल तिथवर एक पद्धत, मग खाली काहीतरी घेऊन त्यावर चढला असेल. कोणाचा तरी खांदा आहे तो. कोणाच्या तरी डोळ्यांत उडालेली कपची आहे. किती वर्षं, किती माणसं, किती जण छातीत धूळ जाऊन खोकत मेले, काही लिहिलेलं नाही. राजाचं नाव नाही तिथे त्यांचं कुठून येणार? आणि त्यांच्या त्या सगळ्या आयुष्यांवर आपण काय म्हणतो? एक रात्र. पांडव आले, करून गेले. लाज वाटत नाही आपल्याला! एक रात्र म्हटलं की मजुरी द्यायला नको, नाव विचारायला नको, आणि पुढे सांभाळायलाही नको. ज्याला एक रात्र लागली ते गळलं काय, झिजलं काय. वाटलं तर पांडव येतील पुन्हा.

तुम्ही येत नाही. पाणी मात्र येतं. पावसाळ्यात मंडपात तळं साचतं, खांबांवर शेवाळ चढतं, नटराजाचा हात कुठे संपतो आणि ओल कुठे सुरू होते ते कळत नाही. गाभाऱ्यात जोगेश्वरीची पूजा चालते, घंटा वाजते, नवरात्रात रांग लागते. देवीला तेवढं कोरडं ठेवलेलं असतं, बाकीच्यांनी आपापलं बघावं.

बाहेर पडताना आपल्या प्रतिनिधीने वर बोट दाखवलं. गुंफेच्या माथ्याशी घरं, पत्रे, वाळत घातलेले कपडे. “आणि हे बघा, फ्रेंड्स, इल्लीगल लोक. रातोरात झोपड्या बांधतात.”

धर्मराज, हसू की रडू? अर्ध्या तासापूर्वी हाच माणूस, राज्यातून हाकललेल्या पाच भावांनी कोणाला न विचारता डोंगर पोखरून रातोरात मुक्काम केला म्हणून टाळ्या घेत होता. या गावात रातोरात खरोखर काही उभं राहिलं असेल तर त्या झोपड्याच. पोटासाठी आलेल्यांनी चार बांबू आणि ताडपत्री घेऊन एका रात्रीत उभ्या केलेल्या. त्यांना शक्ती नाही, अतिक्रमण म्हणतात. हो, त्यांचं सांडपाणी गुंफेला बाधतं. मीही त्यावर चिडतो, गटाराची वाट नीट काढायला हवी होती आणि ती काढणाऱ्यांनी काढली नाही. स्मारकाचा कायदा १९५८चा, २०१०च्या दुरुस्तीने १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला पक्की बंदी, त्यापुढच्या २०० मीटरवर बंधनं. अतिक्रमणं हटवायचे न्यायालयाचे आदेशही झाले. माणसं तिथेच आहेत. धड पक्कं घर बांधता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी हवी, आणि जावं तर कुठे? गुंफाही गळतीखाली, शेजारीही गळतीखाली.

आता थोडं वाईट वाटतं ते तुमच्याबद्दल. तुम्हाला तरी कोणी विचारलं, हे श्रेय हवं का म्हणून? जन्मभर घर नीट मिळालं नाही तुम्हाला. एक जळालं, एक जुगारात गेलं. काम्यकवनातून द्वैतवनात, तिथून परत. आई विदुराच्या घरी. अज्ञातवास वर्षाचा, आमचा भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. ओळख लपवून राहायचं आणि मुदत भरली की बोजा उचलायचा, हे उपनगरातल्या भाडेकरूला समजावून सांगावं लागत नाही. रानात रात्री कुठल्या कपारीत पाठ टेकली असेलच तुम्ही. त्या थकलेल्या रात्रीसुद्धा आम्ही तुमच्या हातात छिन्नी देऊन कामाला जुंपलं. माफ करा.

पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. लाक्षागृह जळालं तेव्हा तुमच्या जागी एक निषाद बाई आणि तिचे पाच मुलगे जळाले. त्यांची हाडं बघून सगळ्यांनी मानलं की पांडव गेले. त्या सहा जणांची नावं महाभारतात नाहीत. त्या खनकाचंही नाव नाही. पुढच्या वेळी कोणी कॉलरला माइक लावून तुमच्या नावाने हाक मारली, तर एवढं करा: येऊ नका. हात शिवशिवतच होते तर अंधेरीत काम होतं. गोखले पूल २०२२च्या नोव्हेंबरात बंद झाला, २०२४च्या फेब्रुवारीत एक बाजू उघडली, तर ती शेजारच्या बर्फीवाला पुलाच्या उंचीला जुळेना. तिथे तुमचं नाव मात्र कोणीच घेतलं नाही.

वहिनीसाहेबांना नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा.

आपला,
गुंफा रोडवरचा एक रहिवासी

ता. क. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख आहे, त्यात शिलाहार राजा माम्वाणीचं नाव आहे. तरी तेही एका रात्रीत बांधलंत तुम्हीच, आणि गाभाऱ्यावर शिखर नाही ते काम चालू असताना उजाडलं म्हणून, असं तिथल्या रिक्षावाल्याने मला ठामपणे सांगितलं. राहिलेल्या कामासाठी रात्रपाळी जमेल का, उलटटपाली कळवावे.