दशांशराव

दशांशराव तुमच्या ओळखीचे असणारच. न्यू जर्सीतल्या सार्वजनिक गोल्फ मैदानावर रविवारी सकाळी ज्यांच्या मागे दोन-तीन चौकड्या खोळंबून उभ्या असतात, आणि तरीही जे ग्रीनच्या कडेने पावले टाकीत अंतर मोजतात, कानावरची पेन्सिल उतरवितात आणि बांधीव खतावणीत अत्यंत सावकाशीने काहीतरी टिपून घेतात, ते हेच. त्यांचे खरे नाव निराळे आहे. पण ते आता टपाल खात्याखेरीज कोणी वापरीत नाही.

परवाच त्यांचा चेंडू तळ्यात गेला. अशा प्रसंगी सभ्य मनुष्य शिवी गिळतो, असभ्य मनुष्य ती उच्चारतो, आणि दोघेही बरोबरच्यांच्या सहानुभूतीस पात्र होतात. दशांशरावांनी यांपैकी काहीच केले नाही. पाण्यावरची वर्तुळे विरेपर्यंत ते स्वस्थ उभे राहिले, मग वही उघडून, दिवाणी निकाल वाचून दाखवावा अशा समाधानाने म्हणाले, "उणे एक दशांश आठ." आम्ही सांत्वनासाठी तोंड उघडणार, तोच त्यांनी हात वर केला. गळती कोठे आहे ते सापडले होते. मग दुःख कशाचे?

हे दशांश ते मनाने काढीत नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. हडसन नदीपलीकडे, कोलंबिया विद्यापीठात, मार्क ब्रॉडी नावाचे प्राध्यापक आहेत. पीजीए टूर या व्यावसायिकांच्या मालिकेत शॉटलिंक नावाची यंत्रणा प्रत्येक फटक्याचे अंतर नोंदविते. त्या अवाढव्य दप्तरावरून या गृहस्थांनी, चेंडू कोठेही असो, तेथून तो होलात घालण्यास निष्णात खेळाडूला सरासरी किती फटके लागतात याची कोष्टके सिद्ध केली. ४०० यार्डांच्या होलला आरंभापासून जवळजवळ ४. ग्रीनवर ३३ फुटांवरून २. ८ फुटांवरून १.५. ते आठ फूट तुम्ही एका फटक्यात पार केलेत तर अर्धा फटका जमा, दोन लागले तर अर्धा खर्ची. यालाच 'स्ट्रोक्स गेन्ड' म्हणतात. २०११ साली पीजीए टूरने पटिंगपुरती, म्हणजे ग्रीनवरच्या फटक्यांपुरती, ही पद्धत अधिकृत केली, पुढे तिचा अंमल बाकीच्या फटक्यांवरही बसला, आणि फेरीत असे फटके, म्हणजे 'पट', एकूण किती लागले एवढेच मोजण्याच्या जुन्या वहिवाटीची पत गेली. कारण ग्रीन चुकवून, मग बाहेरून चेंडू अलगद होलाजवळ ठेवणाऱ्याचे पट कमीच भरणार, त्यात त्याच्या पटिंगचे कौतुक ते काय? सामने पटरवर जिंकले जातात ही पिढ्यान्पिढ्यांची समजूतही ब्रॉडींनी ढिली केली. अव्वल खेळाडूंच्या वरचढपणात पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्के, तर ग्रीनच्या रोखाने मारलेल्या लांबच्या फटक्यांचा सुमारे ४०. येथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. शास्त्र उत्तम आहे. ते दशांशरावांच्या हाती पडले, एवढेच वाईट झाले.

हौशी खेळाडूंसाठी सौम्य कोष्टके मिळतात, ती वापरा, असे त्यांना कितीदा सुचविले. "खालच्या कोर्टात दाद कशाला मागायची?" हे त्यांचे उत्तर ठरलेले. परिणामी प्रत्येक फेरीअखेर ते जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंपेक्षा तीसेक फटके उणे असतात, आणि त्या तिसांचा पैन्‌पैचा तपशील त्यांच्यापाशी असतो. हे शास्त्र कळण्यापूर्वी ते एकशे दोनच्या आसपास खेळत. अजूनही तेथेच आहेत.

मैदानावर हे खपून जाते. पण मोटार दारासमोर लावायला जागा मिळाली की "अधिक शून्य दशांश सहा". आणि गणेशोत्सवात वहिनींचा एक मोदक उकडताना उकलला, तेव्हा भरल्या पंगतीत "उणे शून्य दशांश तीन"! वहिनी तूप वाढता वाढता म्हणाल्या, "मग सरासरी बाईकडेच जेवायला जात चला." ही रक्कम दशांशरावांनी कोणत्या बाजूस मांडली ते कळले नाही. एक्क्याण्णव वर्षांच्या एका आजोबांच्या शोकसभेत, दोन मिनिटांची स्तब्धता चालू असताना, ते माझ्या कानाशी पुटपुटले, "अधिक बारा", आणि क्षणभराने, सदसद्विवेकबुद्धी जागी होऊन, "अपूर्णांक घरी पाहून सांगतो."

हा शेवटचा उद्गार विनोदाचा नव्हता. त्यांची सारी नोकरी विमा कंपनीत, अमुक वयाच्या मनुष्याची सरासरी किती वर्षे उरली आहेत याची कोष्टके राखण्यात गेली. चेंडूचे उरलेले फटके आणि माणसाची उरलेली वर्षे यांच्या हिशेबात त्यांना मूलतः फरक दिसत नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो फारसा नाहीही.

आमच्या चौकडीतल्या तात्यांना कंपवाताने गाठले आहे. तीन फुटांवरून व्यावसायिक खेळाडू शंभरात पंचाण्णवांहून अधिक वेळा चेंडू घालतात. तात्यांचा पटर चेंडूला लागण्याआधीच थरथरतो आणि चेंडू होलाच्या बाजूने निघून जातो. तो दशांशराव मुकाट्याने उचलून देतात. एकदा मोटारीत ती खतावणी माझ्या हाती आली, तेव्हा मी तात्यांचे पान काढले. तीन फूट, एक फटका, अधिक ०.०४. खाली पुन्हा तेच. मागच्या पानावरही तेच. बायकोला मोदकाचे तीन दशांश न सोडणाऱ्या गृहस्थाने, हंगामभर, स्वच्छ अक्षरात केलेली ही अफरातफर होती! मी खुलासा मागितला. "कारकुनी चूक असेल," असे म्हणून त्यांनी वही ओढून घेतली. फेरी संपली की तात्या दर खेपेस विचारतात, "आज लहान पट कसे झाले?" आणि दशांशराव वहीकडे न पाहता सांगतात, "जमेलाच आहात." तात्यांच्या वयाचे कोष्टक त्यांना तोंडपाठ असले पाहिजे, त्यातला आकडा त्यांनी आजवर उच्चारलेला नाही.

एवढ्यावरून खेळातले सोबती म्हणून त्यांची शिफारस करावी, असे माझे म्हणणे नाही. मात्र रविवारी सकाळी पुढे खोळंबा दिसला तर लांबून ओरडू नका. जवळ जाऊन वाट मागा. ते तत्काळ बाजूला होतात, टोपी काढून तुम्हाला पुढे जाऊ देतात. फक्त फटका मारून झाल्यावर मागे वळून पाहू नका, नाहीतर तो किती उणे होता हे ऐकून घ्यावे लागेल.