अशोक कुमार यांस नातेपुत्याहून अनावृत पत्र

श्री. अशोक कुमार,
कायमचे प्रतिवादी,
मु. पो. अज्ञात.



सिनेमा चोरणारा कोण हे निर्मात्याला ठाऊक नसते, म्हणून दाव्यात आपले नाव घालतात, हे आम्हाला उशिराच कळले. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकात फुकट सामने दाखवणाऱ्या अनोळखी केबलवाल्यांना दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली. २०११ मध्ये ‘सिंघम’ चित्रपटाच्या वेळी तसाच हुकूम निघाला. आपण कधी हजर राहिला नाहीत, वकीलपत्र दिले नाहीत, आणि धंदा जोरात. इतका हरूनही इतका टवटवीत माणूस आमच्या माळशिरस तालुक्याच्या राजकारणातही नाही.

तक्रार एवढीच, की आमच्याकडचे लोक आपला कित्ता गिरवू लागलेत.

समजा, एखाद्या डीजेवाल्यावर गाण्यांच्या हक्काचा दावा लागला. बेलीफ समन्स घेऊन येतो, तर मालक ‘पंढरपूरला गेलेत’. तो पुन्हा येतो, तरी मालक पंढरपुरातच. माउलींची पालखीसुद्धा नातेपुत्याहून इतक्या वेळा पंढरपूरला जात नाही. शेवटी बेलीफ नक्कल दारावर डकवतो. मालक ती खरवडून काढतो आणि दावाही निघाला असे समजतो. कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, न्यायालयाने सवलत दिली तर ९०. दावा व्यापारी न्यायालयात असेल, तर १२० व्या दिवसानंतर कैफियत घेण्याची मुभा न्यायाधीशालाही नाही. मग ‘एकतर्फा’चा शेरा पडतो आणि मालकाच्या गैरहजेरीतच हुकूमनामा होतो.

आपले ठीक आहे हो. आपल्यावर वसुलीची दरखास्त लावून जप्त काय करणार? ह्या डीजेवाल्याचा मिक्सर आहे, स्पीकर आहेत, जनरेटर आहे, हप्ते न फिटलेला टेम्पो आहे.

आणि खरी गंमत पुढेच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ सांगते, की लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणे वाजवले तर तो हक्कभंग नाही. ही सवलत किती ताणायची यावर वाद आहेच. गोवा सरकारने २०२४ मध्ये तिच्या आधाराने परिपत्रक काढले, ते उच्च न्यायालयाने रद्द केले. पण वरातीत वाजवणाऱ्याला म्हणायला काहीतरी होते! ते न म्हणता तो घरी बसला. ज्ञानोबांच्या ओव्यांवर कुणाचा हक्क नाही; कुणी गाऊन ध्वनिमुद्रित केल्या तर त्या मुद्रणावर मात्र असतो. हा फरकही न्यायाधीशापुढे उभे राहूनच मांडावा लागतो.

न्यायालये आंधळी नाहीत. बलराज तनेजा खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कैफियत आली नाही म्हणून डोळे मिटून हुकूमनामा द्यायचा नाही, कारणे लिहायची. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या वेळी न्या. गौतम पटेल यांनी पुरावा तपासल्याशिवाय संकेतस्थळे सरसकट बंद करायला नकार दिला. म्हणजे आपल्यासारख्या अदृश्य माणसाचीही बाजू कुणीतरी पाहिली. डीजेवाल्याच्या दाव्यात वादीचे शपथपत्र पाहिले जाईल आणि त्यापुढे कोरी जागा.

निकालानंतर एकतर्फा हुकूमनामा रद्द करून घ्यायला पुन्हा ३० दिवस मिळतात. त्यासाठी गैरहजेरीचे सबळ कारण द्यावे लागते. ‘अशोक कुमारही येत नाहीत’ हे कारण चालेल का, असे मला विचारण्यात आले आहे.

पत्राची पोच द्यावी. न दिल्यास रीतसर बजावणी झाली असे समजण्यात येईल.

आपला,
नातेपुत्याचा एक पत्ता असलेला रहिवासी