तणाव असल्यास किल्ली मागावी

निवासी डॉक्टरांचा तणाव अखेर संपला. फीतच कापली गेली तशी. चौथ्या मजल्यावर, जुन्या रेकॉर्ड रूमला लागून ‘तणावमुक्ती कक्ष’ झाला. भिंतीवर धबधबा, कोपऱ्यात प्लास्टिकचा बांबू आणि मधोमध पाय पसरून रेलायची गुबगुबीत खुर्ची. तिच्यावरचं प्लास्टिक काढलेलं नाही. मळेल ना!

कक्षाला कुलूप आहे. किल्ली कार्यालयात, वेळ १० ते ५.४५, रविवार व सुट्ट्या वगळून. तेव्हा ज्याला तणाव यायचाय त्याने तो कार्यालयीन वेळेत आणावा. रात्री तीनचा तणाव ग्राह्य धरला जाणार नाही.

किल्लीची पद्धत अगदी सोपी. विहित नमुन्यात अर्ज, दोन प्रतींत. त्यावर युनिटच्या मोठ्या सरांची सही. सर राउंडला, राउंड संपला की ओटीत, ओटी संपली की मीटिंगला. गाठलेच तर आधी ऐकायचं, ‘तणाव? आमच्या वेळी नव्हता हा प्रकार. आम्ही दोन-दोन दिवस उभे असायचो.’ (न झोपण्याचा इतका अभिमान जगात फक्त या जमातीला आणि घुबडांना.) सही झाली की ओळखपत्राची झेरॉक्स, मग आवक क्रमांक, मग ‘साहेब जेवायला गेलेत.’ साहेब परतेपर्यंत पहिल्या वर्षाच्या पोराचा फोन वाजतो: ‘सॅम्पल पोचलं का?’ कसं पोचेल? ते त्याच्याच अ‍ॅप्रनच्या खिशात आहे. वॉर्डात मामा (म्हणजे वॉर्डबॉय) नाहीत, म्हणून रक्ताच्या बाटल्या घेऊन लॅबमध्ये धावायचं काम एमबीबीएस झालेल्या माणसाकडे. तो धावतो. लॅबवाला म्हणतो, फॉर्मवर शिक्का नाही. शिक्का मारून परत येतो तेव्हा सहा वाजलेले असतात आणि किल्ली डोंबिवली फास्टमध्ये असते.

आता जरा सरळच बोलतो. मामांची पदं वर्षानुवर्षं भरायची नाहीत. ट्रॉली डॉक्टरने ढकलायची, रक्ताची पिशवी त्यानेच आणायची, सीटीची तारीख त्यानेच भांडून मिळवायची, औषध बाहेरून आणा असं त्यानेच सांगायचं आणि त्याबद्दल नातेवाइकांची चपराकही त्यानेच खायची. सुरक्षारक्षक? असेल कुठेतरी चहाला. तीन युनिटांच्या पोरांना ड्युटी रूममध्ये खाट एकच, तिच्यावर ढेकूण कायमस्वरूपी, बाकीचे कंत्राटी. स्टायपेंड कधी येईल ते देव जाणे. एवढं सगळं करून पोरगं कोलमडलं की त्याला श्वास कसा घ्यावा याचं मार्गदर्शन! अहो, श्वास येतो त्याला. पहिल्याच वर्षी शिकवतात.

सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी सहसा नको, आठवड्याला ४८ तास पुरे, असा सरकारी आदेश १९९२ सालचा आहे. २०२४ मध्ये तज्ज्ञ पुन्हा बसले आणि ७४ तासांच्या वर जाऊ नका म्हणाले. ३२ वर्षांत २६ तासांची प्रगती! तेवढं पाळलं तरी पेढे वाटू, कारण इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी वॉर्डात शिरलेली पोरं आजही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर पडतात. ट्रक ड्रायव्हरला दिवसाला ८ तासच राबवावं, असा कायदा १९६१ सालीच झाला. झोपाळलेला माणूस गाडी ठोकतो, हे तेव्हा कळलं होतं. झोपाळलेला माणूस सुई कुठे टोचेल, याचा अभ्यास बहुधा अजून चालू आहे.

तेव्हा वाचकहो, कॅज्युअल्टीत टाके घालून घ्यायची वेळ आली, तर समोरच्या पोराला शेवटचा कधी झोपलास ते विचारा. आणि उत्तर ऐकून संताप आला, तर त्याची कॉलर सोडून तक्रार लिहा. अधीक्षकांच्या नावे, दोन प्रतींत.