सूनबाईंची चौथीची स्कॉलरशिप

वुलनगाँग, ऑस्ट्रेलिया
१२ जुलै २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मुग्धाला स्कॉलरशिप मिळाल्याचं तुम्ही वाड्यात सांगितलंत आणि खालच्या काकूंनी "या वयात चौथीची परीक्षा?" असं विचारलं, हे आईकडून कळलं. काकूंना सांगा, तेव्हा आधी अभ्यास आणि मग चार पैसे असायचे; इथे संशोधनाला पैसे आधी. फी माफ, वर केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचा २०२५चा किमान दर वर्षाला ३३,५११ डॉलर, त्यावर आयकरही नाही. ऐकून छान वाटलं ना? आमच्या घरमालकालाही वाटलं. दर पंधरवड्याला येणारी रक्कम त्याच्याकडे जाता जाता आमच्या खात्यात जराशी टेकते. उरलेल्या महिन्यासाठी माझी गोदामातली रात्रपाळी आहेच.

मिळाली मात्र सहजासहजी नाही. अर्जाच्या आधी गाईड गाठायचा, आणि ते थेट स्थळ बघण्यासारखं असतं. एम.टेक.चे मार्क, छापून आलेले शोधनिबंध, इंग्रजीची परीक्षा अशी सगळी पत्रिका जुळली आणि त्याची पसंती आली, की मगच युनिव्हर्सिटी बैठकीला बसते. आता त्या गाईडला ती सरळ नावाने हाक मारते. हे आईला वाचून दाखवू नका.

तुमचा खरा प्रश्न असा, की एवढं शिकून ती बांधणार काय? काही नाही, दादा. इथल्या विद्यापीठात २०११ साली सुरू झालेली 'स्मार्ट इन्फ्रास्ट्रक्चर फॅसिलिटी' आहे, तिथे तिचं संशोधन. नावात इन्फ्रास्ट्रक्चर असलं तरी खडी नाही, डांबर नाही, ठेकेदार तर नाहीच. सिडनीच्या रँडविक आणि ग्रीन स्क्वेअर भागांचं त्यांनी संगणकात गाव वसवलं होतं. जनगणनेच्या आकड्यांवरून घडवलेली माणसं, त्यांची कुटुंबं. कोण बसने जातो, कोण गाडी काढतो, कोण कंटाळून घर बदलतो. मग तिथे हवा तो बदल करून बघायचा. माणसं खोटी, त्यामुळे मोर्चा येत नाही.

आमच्याकडे मात्र ती खरी आहेत. बटाटे संपले की मुग्धा "मागणीचा अंदाज चुकला" म्हणते, बाजारात जात नाही. चिन्मयने दप्तर भरावं म्हणून तिने त्याच्यासाठी नियम आखले. तो एकही पाळत नाही आणि ती ते चिडून नोंदवून ठेवते. प्रबंधात त्याचा उपयोग होईल म्हणे.

आता जे सांगतो त्यावर रागावू नका. ब्रेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९६८ साली दाखवलं, की गजबजलेल्या रस्त्यांच्या जाळ्यात आणखी एक रस्ता जोडला तर कधी कधी सगळ्यांनाच पोचायला जास्त वेळ लागतो, कारण जो तो स्वतःची सोय बघून तिकडेच घुसतो. उभा जन्म बांधकाम खात्यात घालवलेल्या सासऱ्यांना हे सांगणार कोण, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

एका बाबतीत मात्र तुम्ही फॅसिलिटीतल्या या मंडळींच्या पुढे आहात. २०१४-१५च्या पावसाळ्यात यांच्या संशोधकांनी जकार्तात एक प्रयोग केला. कुठल्या गल्लीत पाणी शिरलं हे लोक ट्विटरवर लिहीत. ते गोळा करून तिथल्या आपत्ती विभागाबरोबर त्याच क्षणी पुराचा नकाशा काढायचा. २०१९ साली कृष्णा चढत होती तेव्हा आयर्विन पुलावरचे फूट वाचून तुम्ही अर्ध्या सांगलीला फोन लावत होतात आणि आई म्हणत होती, "यांना दुसरा उद्योग नाही." तोच उद्योग इथे शोधनिबंधात छापतात, दादा. पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा कुणाकुणाची घरं तुमच्या फोनमुळे वेळेत रिकामी झाली, ते मी मुग्धाला सांगितलं. ती बराच वेळ प्रश्न विचारत होती. माझ्या रात्रपाळीबद्दल तिने इतके कधी विचारले नाहीत.

चिन्मयचा तुम्हा दोघांना नमस्कार. आईला म्हणावं, इथे आता कडाक्याची थंडी आहे, तिने विणलेली कानटोपी तो शाळेच्या कोपऱ्यापर्यंत घालतो.

आपला आज्ञाधारक,
अभय

ता. क. : २००५ आणि २०१९च्या पुरांचे फूट तुम्ही ज्या वहीत टिपलेत, त्या पानांचे फोटो मुग्धाला हवे आहेत. त्याच पानांवर दुधाचा हिशोब असला तरी हरकत नाही, तो ती वगळेल. फक्त फोटो काढताना अंगठा आकड्यांवर येऊ देऊ नका.